'कोकोत्सु'ला मराठीत काय म्हणाल?

सावाको आरियोशी या जपानी लेखिकेची १९७२ सालची कादंबरी आहे, 'कोकोत्सु नो हितो'. मी इंग्रजीतून वाचली आणि डोक्यातून जातच नाहीये. गोष्ट अगदी घरातली, सासूबाई अचानक जातात आणि मग लक्षात येतं की ८४ वर्षांच्या सासऱ्यांना, शिगेझोंना, बायको गेल्याचंच कळलेलं नाही, ते आपले भूक लागली म्हणून सुनेच्या मागे मागे, पोटच्या पोराला ओळखत नाहीत, घरात चोर शिरला म्हणतात, आणि जिला जन्मभर टोचून बोलले त्या सुनेला, आकिकोला, मात्र बरोबर ओळखतात.

कोकोत्सु म्हणजे खरं तर आनंदाने धुंद होणं. पण राई सान्यो यांच्या 'निहोन गाईशी' या जुन्या इतिहासग्रंथात म्हातारपणाने, आजाराने माणसं ओळखेनाशा झालेल्या एका सरदाराबद्दल हाच शब्द आलाय, लेखिकेने तिथून उचलला. पुस्तक इतकं खपलं की लोक बोलताना सर्रास त्याच अर्थाने वापरायला लागले.

आपल्याकडे काय म्हणायचं? म्हातारचळ नको, त्याला चावटपणाचा वास येतो. 'साठी बुद्धी नाठी' हा सरळ टोमणा झाला. 'आजोबा आता थकलेत' हे किती मायेचं आहे, पण त्यात मन कुठे गेलं ते येत नाही. सुचवा ना.

प्रतिसाद
स्मृतिभ्रंश आहे की. डॉक्टरही तोच वापरतात.

प्रतिसाद
फाइलवर लिहायला ठीक आहे हो, पण घरात कोणी 'बाबांना स्मृतिभ्रंश झालाय' म्हणत नाही, 'बाबांना आता काही लक्षात राहत नाही' म्हणतात नाहीतर सरळ डिमेन्शिया म्हणून मोकळे होतात. शिवाय गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंश येतो तो रागातून, क्रोधाने संमोह आणि पुढे बुद्धिनाश, वयाचा काही संबंध नाही. जपान्यांनी २००४ मध्ये आजाराचं सरकारी नावच बदललं, आधीच्या 'चिहो'मध्ये मूर्खपणाचा अर्थ होता तो काढून 'निन्चिशो' केलं. फार बरं केलं. आपल्याकडे 'भ्रमिष्ट' अजून लोक तोंडावर म्हणतात, आणि ऐकणाऱ्या मुलाबाळांना ते किती लागतं हे मी पाहिलंय.

प्रतिसाद
भान हरपणे! गाणं ऐकताना भान हरपतं, कीर्तनात देहभान हरपतं, आणि म्हातारपणी माणसाचं भान हरपलं असंही आपण म्हणतोच. कोकोत्सुचे दोन्ही अर्थ एकाच शब्दात बसतात, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

प्रतिसाद
हे पटलं, मनापासून. कादंबरीच्या शेवटाकडे शिगेझो नुसते हसत असतात, बोलणं जवळजवळ थांबलेलं, तिथे 'भान हरपलेला माणूस' अगदी चपखल बसतं. फक्त 'हरपलेला' आणि 'हरवलेला' यात गल्लत नको, कारण ते घरातून निघून खरोखरच हरवतातही.

अजून एक विचारायचं होतं. परीक्षणात 'वृद्धाचे एकाकीपण' असं लिहिणार होते, पण मला वाटतं एकाकी ते नाहीतच, एकटी पडलीय ती आकिको. ऑफिस करते, रात्री उठून सासऱ्यांना बघते, एकदा फोन घ्यायला गेली तेवढ्यात ते आंघोळीच्या टबात बुडता बुडता वाचतात आणि ती स्वतःलाच दोष देत बसते, नवरा शेजारी असून नसल्यासारखा. 'एकाकी' म्हटलं की रिकामं घर डोळ्यापुढे येतं, इथे घर भरलेलं आहे.

प्रतिसाद
मग 'एकटी पडली' असंच लिहा, एकाकीपण वगैरे जड काही नको. एकटं राहणं माणूस कधी आपल्या मर्जीनेही निवडतो, एकटं पडतो तो दुसरे बाजूला झाल्यामुळे, आणि तुम्हाला नवऱ्याबद्दल जे म्हणायचंय ते त्या 'पडली'मध्ये आलंच.