मदत हवी आहे: रिटेनर बसत नाहीये. दात सरकला की प्लास्टिक वाकलं?

नमस्कार मंडळी,

ब्रेसेस निघून चौदा महिने झाले. सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून वर पारदर्शक प्लास्टिकचा रिटेनर आहे, खाली हॉली म्हणजे ॲक्रिलिकची पट्टी आणि पुढून तार. पहिले सहा महिने दिवसरात्र, जेवताना आणि दात घासताना तेवढा काढायचा. नंतर फक्त रात्री. हे सगळं इमानेइतबारे पाळलं. मग घर बदललं, डबी कुठल्या खोक्यात गेली कळेना, आणि 'सापडेल हो' म्हणता म्हणता तीन आठवडे उलटले.

परवा सापडली. रिटेनरवर पांढरं कीटण, शिवाय कुबट वास. मी शहाणपणा करून वरचा थेट कढत पाण्यात टाकला. आता तो लावला की डावीकडे सुळ्याशेजारच्या दातापाशी टेकतच नाही. आरशात पाहिलं तर दाताची कड आणि प्लास्टिक यांच्यात बारीक चंद्रकोरीएवढी फट दिसते, तिच्यात लाळेचा बुडबुडा अडकतो. हा तोच दात, जो पूर्वी स्वतःभोवती फिरलेला होता. काल हट्टाने लावून झोपले, दोन वाजता ठणका लागून उठले. खालचा घट्ट वाटतो, पण पूर्ण बसतो.

डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर रेटून लावत राहू का? 'घट्ट आहे' आणि 'बसत नाही' यातला फरक घरच्या घरी कसा ओळखायचा? आणि हे कीटण कशाने काढता?

खिडकीपाशी: रेटू नका. दातांनी चावून तर अजिबात बसवू नका, मी तसाच एक तडकवला आहे. माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी: वर्षभर लावलाच नाही. शेवटी पुन्हा ब्रेसेस.

दाढदुखी: मी दंतवैद्य आहे, पण तुमचं तोंड पाहिलेलं नाही, हे धरून वाचा. बोटाने दाबल्यावर रिटेनर सगळीकडे टेकतो, थोडा ताण जाणवतो आणि दोनतीन दिवसांत तो ओसरतो, याला घट्ट म्हणायचं. असा असेल तर शक्य तितके तास लावा. कुठे फट राहते, एका बाजूला दाबलं की दुसरी बाजू उचलते किंवा हिरडी दाबून पांढरी पडते, तेव्हा तो बसत नाही असं समजा. म्हणजे तुमचा खालचा चालू ठेवा, वरचा थांबवा, आणि फोन करून 'बसत नाहीये' असं स्पष्ट सांगून वेळ अलीकडची मागा.

त्याच दाताने दगा का दिला? दाताला हाडाशी बांधणारे तंतू तीनचार महिन्यांत नव्या जागी रुळतात, पण हिरडीतले लवचीक तंतू वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ जुन्या जागेकडे ओढत राहतात. फिरलेल्या दातांना ही ओढ सर्वांत जास्त. अक्कलदाढा ढकलतात म्हणून दात वाकडे होतात, ही समजूत मात्र सोडून द्या.

ब्रेसेस काढल्यावर घेतलेला दातांचा साचा तुमच्याकडे किंवा दवाखान्यात असेल. रिटेनर त्यावर बसवून पाहा. साच्यावर नीट बसला तर दात सरकलाय. तिथेही डुगडुगला तर प्लास्टिक वाकलंय. पुन्हा गरम करून सरळ करायला जाऊ नका. हॉलीची तार डॉक्टर पकडीने सारखी करू शकतात, पारदर्शकाची ती सोय नाही.

साबणाचा_फेस: कीटण म्हणजे लाळेतले क्षारच. वाळले की दगड होतात, म्हणून तोंडातून काढल्या काढल्या गार पाण्याखाली धरायचा. वेगळा मऊ ब्रश, सौम्य लिक्विड सोपचा थेंब. टूथपेस्ट नको, बारीक ओरखडे पडतात आणि वास तिथेच घर करतो. जुन्या कीटणाला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, पंधरावीस मिनिटं, मग ब्रश. ब्लीच नको. आणि जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नका! मी कचऱ्याचा डबा उपसला आहे, कोपरापर्यंत.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. फोनवर नेमके तेच शब्द वापरले, आजच बोलावलं. रिटेनर साच्यावरही डुगडुगला, म्हणजे गुन्हेगार कढत पाणी. पण दातही किंचित फिरलाय. फरक थोडा असल्यामुळे जुन्या साच्यावरूनच नवा रिटेनर करणार आहेत, तोच दाताला हळूहळू परत आणेल म्हणाले. आता पुन्हा काही आठवडे दिवसरात्र, म्हणजे पुन्हा दोनचार दिवस 'स'चा 'श'. खालच्याची तार दोन मिनिटांत सारखी करून दिली.

एक शंका उरली. वाकलेला रिटेनर जपून ठेवू का, अडीनडीला?

दाढदुखी: टाकून द्या. अर्धवट झोपेत हात नेमका त्याच डबीकडे जातो.

धागाकर्ती: टाकला.