घरात चार गाड्या, चार विमे: तुम्ही कसं भागवता?

कृष्णाकाठ
काल कपाट आवरताना बाबांची खाकी फाईल सापडली. वर त्यांच्या अक्षरात 'प्रीमियर पद्मिनी, विमा'. दर वर्षीचा कागद टाचणीने लावलेला, टाचण्या गंजून कागदावर तांबडे डाग पडलेत. तेव्हा विम्याचे काका घरी यायचे, चहा व्हायचा, चेक घेऊन जायचे, झालं काम.

आता सांगलीच्या घरात बाबांची वॅगनआर (ते गेल्यावर दादाच्या नावावर केली), दादाची क्रेटा, माझी ॲक्टिव्हा आणि पुतण्याची बुलेट. चार वेगळ्या तारखा. यंदा सगळ्या पॉलिश्या जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा) दर सरकारी, कुठेही जा तोच: वॅगनआर २०९४, क्रेटा ३४१६, बुलेट १३६६, ॲक्टिव्हा ७१४, वर १८ टक्के जीएसटी. तिथे घासाघीस नाही. पण दादाच्या दोन्ही गाड्यांवर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा लावलेला होता. तो माणसामागे एकदा असला की पुरतो, दुसऱ्या गाडीवरचा काढायला लावला. आणि बाबांनी कधी क्लेम केला नव्हता, त्यांचा ५० टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) गाडीबरोबर वारसाला मिळतो. तो मागून घेतला. पैसे वाचले हे आहेच, पण बाबांनी इतकी वर्षं जपून चालवलेलं वाया गेलं नाही याचं जास्त बरं वाटलं.

तुमच्याकडे कसं करता? लिहा, कितीही बारीकसारीक असो.

कढीपत्ता
पद्मिनी!! रंग कुठला? आमची फिकट निळी होती, गिअर स्टिअरिंगला. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

कृष्णाकाठ
पांढरी. कात्रजच्या घाटात बोनेट उघडून उभी, हे ठरलेलं :)

घाटमाथा
बोनसवरून आठवलं. मेव्हण्यांची जुनी सँट्रो नुसती उभी असायची. 'चालवतच नाही तर विमा कशाला' म्हणून सोडून दिला. तारीख उलटून ९० दिवस झाले की बोनस शून्य, तसाच गेला. नंतर पोराला शिकायला तीच गाडी काढली तर आधी तपासणी, फोटो, मग पूर्ण हप्ता. घरात गाड्या जास्त असल्या की एखादी अशी विसरली जाते.
आणि जुनी विकून नवी घेणार असाल तर बोनसचं पत्र कंपनीकडून मागून घ्या, ३ वर्षं चालतं. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही.

एसटी_स्टँड
विकलेल्या गाडीचा बोनस नवीन गाडीला??? हे कुणीच सांगत नाही. आजच फोन करतो.

नानांची_सून
ॲक्टिव्हा नवी आहे का गं? सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी शोरूममध्येच भरून घेतात, कारला ३ वर्षांचा. मधल्या वर्षी फक्त ओन डॅमेज, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचा, घ्यायचा. माझ्या भाचीला फोनवर एक जण पूर्ण पॉलिसी गळ्यात मारत होता. तिने डिकीतला पहिला कागद काढून वाचला म्हणून वाचली. ऑफिसला पळते, ट्रेन आली.

चिपळूणकर२१
एक सांगतो, बचत करा पण नदीकाठच्यांनी जपून.
२२ जुलै २०२१. दारात दोन गाड्या. भावाची नवी, तिला इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं. माझी ओम्नी, जुनी म्हणून फक्त थर्ड पार्टी. वाशिष्ठीचं पाणी दोन्हींच्या टपावरून गेलं. ओसरल्यावर भाऊ किल्ली घेऊन निघाला तर वडील माडीवरूनच ओरडले, 'हात लावू नको तिला!' त्यांचं उभं आयुष्य ट्रकच्या गॅरेजात गेलं. पाणी गेलेलं इंजिन फिरवलं की आतला रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत ते नुकसान धरत नाहीत. गाडी ढकलत वर नेली, फोटो काढले, मग टोइंगवाला. तिचं बरंच मिळालं. ओम्नीचं काही नाही. डॅशबोर्डवरचा गणपती तेवढा जागच्या जागी होता, नाकापर्यंत चिखलात. तो धुऊन घरात ठेवलाय.
ओम्नीतून आई भाजी आणायला मंडईत जायची. अजून तिचं नाव काढलं की आई गप्प होते.

कृष्णाकाठ
दादा, वाचून पोटात तुटलं. २०१९ ला आमच्याकडे पायरीपर्यंत आलं होतं. दोन्ही कारना इंजिनवालं घेतलंय, ते कापायचं नाही हे घरात पक्कं आहे.

एसटी_स्टँड
वडिलांना नमस्कार सांगा. अशी माणसं घरात हवीत.

न्यूजर्सी_आत्या
आमच्याकडे उलटंच. घरातल्या सगळ्या गाड्या आणि सगळे चालवणारे एकाच पॉलिसीत, गाड्या जास्त म्हणून सवलतही मिळते. पण लेक १७ ची झाली, लायसन्स आलं, आणि हप्ता बघून नवऱ्याने चष्मा पुसून परत बघितला. शेवटी तिच्या शाळेची मार्कशीट पाठवली, चांगल्या गुणांची वेगळी सवलत असते. ती म्हणते आता माझ्या अभ्यासाचे अर्धे पैसे मला द्या. भारतात नाही का असं एकत्र?

वायपर
आत्या, जुलै २०२२ मध्ये इर्डाने (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) फ्लोटरला, म्हणजे अनेक गाड्यांच्या एकाच पॉलिसीला, परवानगी दिली, पण एकाच मालकाच्या कार-दुचाकींसाठी. आमच्या एकत्र कुटुंबात एक गाडी आजोबांच्या नावावर, एक काकूच्या, एक माझ्या. जमणार कसं? तेव्हाच किलोमीटरवर हप्ता ठरणारा प्रकारही आला. आजोबांची गाडी देऊळ, मंडई आणि डॉक्टर, एवढीच फिरते. तिला तो घेतला, बराच कमी पडला.

कढीपत्ता
आले परत. वायपर, किलोमीटर संपले मध्येच तर?

वायपर
जास्तीचे विकत घेता येतात, आमच्या कंपनीत तरी. तारीख जवळ आली की आजोबा रोज सकाळी आकडा वहीत लिहितात.

घाटमाथा
गोड आहेत आजोबा.
बरं, सगळ्यांनी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट बसवल्या का? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना लागते.

नानांची_सून
आमच्या दोन बसल्या, स्कूटरची राहिलीय. सेंटर घरापासून लांब मिळालं.

एसटी_स्टँड
पिनकोड बदलून बघा ताई, आम्हाला जवळचं तसंच मिळालं. आणि आरसी बरोबर न्या.