पुढे बर्फाचे टायर, मागे साधे: वेगळ्या मापाची जोडी चालेल का?

नवशिक्या_सारथी
हिवाळा तोंडावर आलाय आणि माझ्या गाडीचे पुढचे दोन टायर पार गोटा झालेत. मागचे दोन बरे आहेत, पण उन्हाळी. गाडीचं माप २०५/५५ आर १६. एका ओळखीच्यांकडे बर्फाचे दोन टायर पडून आहेत, फुकट घेऊन जा म्हणतायत. त्यांचं माप २०५/६० आर १६. रुंदी तीच, रिम तीच, मधला आकडा काय तो पाचाने जास्त. गाडी फ्रंट व्हील ड्राईव्ह, म्हणजे ओढायचं काम पुढच्या चाकांचं. म्हणून बर्फाचे पुढे आणि साधे मागे, असा बेत आहे. कोणी असं चालवलंय का? "अजिबात नको" म्हणणार असाल तर का तेही सांगा, नुसतं घाबरवू नका.

रिमझिम
मी चालवलंय, एक अख्खा हिवाळा. तुमचाच हिशोब होता माझा. मोजून तीन आठवडे मजेत गेले. चढावर बाकीच्या गाड्या जागच्या जागी चाकं फिरवत बसायच्या आणि माझी सरसर वर जायची. तिथेच माणूस फसतो. गाडी निघतेय, चढतेय, म्हणजे पकड आहे असं वाटायला लागतं.

मग एकदा उतारावर, अगदी साधं वळण, वेगही फार नाही. मी फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला. ब्रेकसुद्धा दाबला नव्हता. मागची बाजू जी सुटली, ती गर्रकन फिरून पुढे आली. थांबले तेव्हा मी जिकडून आले तिकडे तोंड करून कडेच्या बर्फाच्या ढिगात बसले होते. समोरून कोणी येत नव्हतं, एवढंच नशीब.

स्टेपनी
रिमझिम यांच्याबाबतीत झालं ते असं: पाय उचलला की गाडीचं वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढे मऊ रबर, बर्फ धरून ठेवणारं. मागे उन्हाळी टायर, जो साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतो आणि बर्फावर तर लाकडासारखा घसरतो. पुढचं टोक वळायला तयार, मागचं टोक सरळच जाणार. गाडी फिरणार नाही तर काय होईल?

म्हणूनच टायर कंपन्या सांगतात की दोनच नवे टायर घेतले तर ते मागे लावा, गाडी कुठल्याही चाकांवर ओढणारी असो. ऐकायला उलटं वाटतं, पण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की बहुतेकदा परत ताब्यात येते. मागची सुटली की सावरायला मुरलेला हात लागतो.

पण हे नव्या-जुन्याचं झालं. बर्फाच्या टायरांत दोनचा पर्याय धरूच नका. मागे दोन लावले तर फ्रंट व्हील ड्राईव्ह गाडी निघतच नाही, वळतही नाही. चारही लावायचे किंवा एकही नाही.

जुना_क्लच
आम्ही वर्षानुवर्षं दोनच लावायचो बुवा. मागे दोन बर्फाचे, डिकीत वाळूची पोती, चालली की गाडी! हल्ली सगळ्यालाच भीती.

स्टेपनी
काका, तुमची गाडी मागच्या चाकांवर चालणारी होती. इंजिन पुढे, ओढ मागे, म्हणून मागे पकडही हवी आणि वजनही. त्याने गाडी निघायची. थांबायची कशी, ते आठवा. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकं करतात आणि तिथे साधेच टायर होते.

जुना_क्लच
थांबायची कुंपणात. एकदाच पण.

पाना_पक्कड
मापाबद्दल कोणी बोललंच नाही. "मधला आकडा काय तो पाचाने जास्त" हे वाक्य वाचून कपाळावर हात मारला. मधला आकडा मिलिमीटर नव्हे, टक्के आहे. टायरची भिंत रुंदीच्या किती टक्के उंच, ते तो सांगतो.

तुमचा टायर: २०५चे ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिमी. वरची आणि खालची भिंत मिळून २२५.५. त्यात १६ इंचांची रिम, म्हणजे ४०६.४ मिमी. एकूण चाक ६३१.९ मिमी उंच.
फुकटचा टायर: २०५चे ६० टक्के १२३. दुप्पट २४६, अधिक ४०६.४, एकूण ६५२.४.

फरक २० मिमीच्या वर, सव्वातीन टक्के. म्हणजे एका किलोमीटरला मागचं चाक साधारण ५०४ फेरे मारणार आणि पुढचं ४८८. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी) चारही चाकांच्या वेगाची सतत तुलना करतात. सरळ रस्त्यावरही पुढची-मागची चाकं वेगळं सांगू लागली तर डॅशबोर्डवर दिवे लागू शकतात, किंवा नको तेव्हा ब्रेक लागू शकतो. काही गाड्यांत टायरमधली हवा कमी झाल्याची सूचनाही चाकांच्या वेगावरूनच दिली जाते, ती यंत्रणाही गोंधळते. शिवाय चाक मोठं झालं की वळवताना आत घासतं का, ते वेगळंच.

आणि एकाच अ‍ॅक्सलवर डावीकडे एक माप, उजवीकडे दुसरं, हे कधीच नाही. गाडी एका बाजूला ओढते आणि डिफरन्शियलला, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, सरळ रस्त्यावरसुद्धा वळणावर असल्यासारखं अखंड काम करावं लागतं.

चारही_चाकं
मध्येच विचारते. माझी गाडी ऑल व्हील ड्राईव्ह आहे. तिला तर सगळीकडे पकड, मग दोन चालतील ना?

पाना_पक्कड
तुमचं उलट जास्त नाजूक. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल मधल्या क्लचने किंवा डिफरन्शियलने बांधलेले असतात. चाकांचा घेर वेगळा असेल तर तो जोड सतत घासत राहतो, तापतो आणि एक दिवस मोठं बिल काढतो. सुबारू तर सांगते की चारही टायरांच्या घेरातला फरक पाव इंचाच्या आत हवा. घेराचं गणित बघा: नक्षी एक मिलिमीटर जास्त झिजली की घेर सहा मिलिमीटरहून जास्त कमी होतो. पाव इंच तिथेच संपला. तुमच्याकडे माप एक असून भागत नाही, झीजही सारखी लागते.

आणि ऑल व्हील ड्राईव्ह निघायला मदत करते, थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतो.

नवशिक्या_सारथी
पटलं. फुकटचे टायर नाकारले. पण आता नवा पेच. एक जण चार बर्फाचे टायर स्टीलच्या रिमसकट विकतोय, माझ्याच मॉडेलच्या गाडीचे होते म्हणतो. माप मात्र १९५/६५ आर १५. इथे तर तिन्ही आकडे वेगळे! हेही नाहीच ना?

पाना_पक्कड
अहो, हेच तर हवं होतं! करा गणित. १९५चे ६५ टक्के १२६.७५, दुप्पट २५३.५, अधिक १५ इंचांचे ३८१. एकूण ६३४.५. तुमच्या चाकापेक्षा अडीच मिलिमीटर जास्त, अर्धा टक्कासुद्धा नाही. आधीच्या जोडीत एकच आकडा वेगळा होता आणि चाक चुकीचं होतं.

वर टायर थोडा अरुंद, तो ताज्या बर्फात खाली रुतून पकड घेतो. रुंद टायर बर्फावर तरंगायला बघतो. लहान रिमवरचा टायर स्वस्तही पडतो.

तरी डोळे झाकून घेऊ नका. दारावरचा स्टिकर किंवा गाडीची पुस्तिका बघा, हे माप चालतं असं लिहिलंय का. १५ इंचांची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर (चाकाच्या आतला, ब्रेकची डिस्क दाबणारा भाग) बसते का, तेही पाहा. एकाच मॉडेलच्या वरच्या इंजिनाला मोठे ब्रेक असतात आणि मग ती बसत नाही. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. ९१ असेल तर एका टायरला ६१५ किलो.

रिमझिम
टायरच्या भिंतीवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चिन्ह आहे का तेही बघा. नुसतं एम+एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरत नाही, ते कंपनी स्वतःच्या मनाने छापते. चिन्हासाठी बर्फावरची चाचणी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम+एस टायर हिवाळी म्हणून धरतच नाहीत. आणि वय वाचा: चार आकडी खूण, ३४१९ म्हणजे २०१९चा ३४वा आठवडा. नक्षी ४ मिमीच्या खाली गेली असेल तर बर्फासाठी तो टायर संपला, कायदा १.६ला चालेल म्हणत असला तरी.

जुना_क्लच
स्टीलच्या रिमला नट वेगळे लागतात कधीकधी, बसायची जागा शंकूसारखी का गोल ते बघून घ्या. आणि ५०-१०० किलोमीटर झाले की परत आवळा. हे जुनं ज्ञान अजून चालतं.

अवांतर: स्टेपनी हे नाव धाग्यात बघून आठवलं. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून हा शब्द आला. तिथे १९०४ साली जादा चाक बनवायला सुरुवात झाली.

स्टेपनी
काका, धन्यवाद, माझं कूळ कळलं! त्यावरूनच: बारीक, ताशी ८० किमीची मर्यादा छापलेली स्टेपनी असेल तर बर्फात ती पुढे लावू नका. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे. दोनदा जॅक लावायचा कंटाळा येईल, पण ओढणाऱ्या आणि वळणाऱ्या चाकांवर तो बारीक टायर नको. अशी गाडी अगदी हळू, फक्त पंक्चरवाल्यापर्यंत.

नवशिक्या_सारथी
घेतले. पुस्तिकेत १९५/६५ आर १५ लिहिलेलं निघालं. कॅलिपर आणि रिममध्ये बोटभर जागा आहे, चिन्ह आहे, नक्षी सात मिमी. आज सकाळी स्वतः बसवले. सगळं आवळून झाल्यावर लक्षात आलं, मागच्या दोन्ही टायरांवरचे, फिरायची दिशा दाखवणारे बाण उलटे फिरतायत. चालेल का तसंच?

पाना_पक्कड
नाही. नक्षी पाणी आणि चिखलबर्फ बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढेल. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. जॅक अजून बाहेरच असेल ना?

नवशिक्या_सारथी
आत्ताच आवरून ठेवला होता.