मदत हवी आहे : मानपट्टा असलेल्या हंसाची नोंद कशी करावी?

नमस्कार. उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणजवळच्या कुंभारगाव परिसरात, आम्ही काही जण हिवाळ्यात दर रविवारी पाणपक्ष्यांची मोजणी करतो. गेल्या मोजणीत हरभऱ्याच्या रानात चरणाऱ्या पट्टकदंब हंसांच्या थव्यात एकाच्या मानेभोवती हिरवा पट्टा दिसला. त्यावरचे पांढरे अक्षर आणि पहिला अंक स्पष्ट वाचता आला. दुसरा अंक मात्र ३ आहे की ८ यावर आमचे एकमत होत नाही, कारण पक्षी सतत मान खाली घालत होता आणि उन्हाच्या झळांमुळे छायाचित्रेही धूसर आली.

मंगोलियात या हंसांना असे पट्टे घातले जातात आणि ते हिमालय ओलांडून भारतात येतात, एवढे ठाऊक आहे. पायातल्या धातूच्या कड्यावरील बारीक आकडे वाचायला बहुधा पक्षी हाती लागावा लागतो. मानपट्टा लांबूनच वाचता येतो, म्हणून ही संधी वाया जाऊ नये असे मनापासून वाटते.

अर्धवट वाचलेला क्रमांक दोन्ही शक्यता नमूद करून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठवावा, की पक्षी पुन्हा दिसेपर्यंत थांबावे? स्थान, वेळ आणि थव्याची संख्या यांखेरीज नोंदीत काय लिहावे? नावाडी जवळ नेण्यास तयार आहेत, परंतु एवढ्या दुरून आलेल्या पक्ष्याला केवळ एका अंकासाठी उडायला लावणे आम्हाला पटत नाही; तेव्हा किती अंतर राखावे, हेही पक्ष्यांना कडी घालण्याच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सांगावे.