ताट उचलायला शिकायला जपानला कशाला?

उंडगा_पुणेकर :
परवा एका आईने इथे लिहिलं : आठवीतला मुलगा शाळेच्या एक्स्चेंजमध्ये दहा दिवस जपानला राहून आला, निरोगी राहणं आणि पर्यावरणाची जबाबदारी शिकला, आता जेवल्यावर ताट स्वतः उचलतो, सगळ्याच शाळांनी असं करावं. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राहवेना.

अभिनंदन. पण ताट उचलायला शिकवण्यासाठी मुंबई-तोक्यो जाऊन-येऊन सुमारे साडेतेरा हजार किलोमीटरचं इंधन जाळायचं? आमच्या आईने हे काम उलथन्याच्या धाकावर फुकटात केलं होतं.

जपानी शाळांचं मला वावडं नाही. नोकरीपायी चार वर्षं ओसाकाजवळ काढली, मुलगी तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत होती. ज्यांचा वाढायचा नंबर असेल ती मुलं पांढरा ॲप्रन आणि टोपी घालून जेवण वाढायची, बाई तेच जेवण वर्गातच जेवायच्या. दूध संपलं की खोका धुवायचा, उलगडायचा, सपाट करून वाळत ठेवायचा. पाहुणे येवोत न येवोत, रोज. शालेय भोजनाचा कायदा १९५४चा, आहारशिक्षणाचा २००५चा, पोषणशिक्षकाचं पदही त्याच सालचं. दहा दिवसांत फोटो येतात हो, सवय नाही येत.

आणि मुलगी शाळेत चालत जायची, गल्लीतल्या पोरांच्या रांगेत. इथे असल्या एक्स्चेंजवाल्या शाळेच्या फाटकाशी सकाळी साडेसातला उभं राहून बघा. एकेका पोरामागे एकेक एसयूव्ही, इंजिन चालू, एसी चालू.

आठवीतल्याची_आई :
तुम्ही ओसाकाला होडीतून गेला होतात का? मुलाने तीन महिन्यांत एकही शीतपेय घेतलेलं नाही, बाटलीबंद पाणी नाही. तिकडचा मुलगा आमच्याकडे आला तेव्हा त्याने पिठलं-भाकरी मागून मागून खाल्ली. पुणे आणि जपानमधल्या ओकायामाची मैत्री सिंहगड रस्त्यावरच्या त्या मैत्री-बागेपुरतीच ठेवायची का?

ऱ्हाइनकाठची :
इथे जर्मनीत मुलीच्या शाळेचा एका चेक शाळेशी असाच प्रकल्प झाला, इरॅस्मस प्लस या युरोपीय शिक्षण-योजनेतला. विषय डिट्टो. पैसे युरोपीय संघाचे, त्यामुळे टॅक्सीवाल्याची पोरगीही गेली. रेल्वेने किंवा बसने गेलं तर प्रवासाला जादा पैसे मिळतात. तेव्हा एक्स्चेंजला नावं ठेवू नका, खर्च कोणाच्या खिशातून जातो ते बोला. (निरोगी डबा स्पर्धेत लेकीच्या पोळीभाजीला ‘रॅप’ म्हणून बक्षीस मिळालं. तेव्हापासून ती घरातही पोळीला रॅप म्हणते. सहन करतेय.)

झेडपीचा_मास्तर :
हसू आलं. आमच्या द्विशिक्षकी शाळेत पोरं चालतच येतात, वर्ग झाडतात, परसबागेतली मेथी खिचडीत पडते, ताटं हापशावर घासून पालथी घालतात. त्यासाठी कुणी आमच्याकडे एक्स्चेंजला आलं नाही. जपानात केलं की संस्कार. इथे पोराच्या हातात झाडू दिसला की कुणीतरी मोबाइल काढतं आणि मास्तरला नोटीस. गेल्या वर्षी लेखी खुलासा दिलाय.

नावात_काय :
मास्तर, झाडू कुणाच्या पोराच्या हातात दिसला ते लिहायचं राहिलं.
मी चौथीत होतो. वर्गात बेचाळीस पोरं. शनिवारी सारवण असायचं. शेण आणायला दोघंच, मी आणि माझा चुलतभाऊ. संडासाची किल्लीही माझ्याकडेच, मॉनिटर असल्यासारखी. आई विचारायची, चड्डीला वास कसला येतो? गुरुजींनी कधी मारलं नाही. उलट ‘माझा हक्काचा पोरगा’ म्हणायचे. हक्क कशाचा, ते आडनाव वाचून कळतं. जपानी पोरांची साफसफाई बघून गहिवरताना एवढं आठवत जा.

झेडपीचा_मास्तर :
वाईट झालं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. वीस वर्षांच्या नोकरीत जात बघून काम दिलेलं नाही.

नावात_काय :
तुम्ही दिलंत असं कुठे म्हटलं? चोराच्या मनात चांदणं.

झेडपीचा_मास्तर :
तुमच्या जिभेला काही हाड? आमच्याकडे फळ्याशेजारी पाळीचा तक्ता आहे, हजेरी क्रमांकाने. संडासही त्यातच.

नावात_काय :
त्या पाळीत तुमचा क्रमांक कितवा?

उंडगा_पुणेकर :
मुलीच्या बाई गुडघ्यांवर बसून पोरांबरोबर फरशी पुसायच्या. पाहिलंय म्हणून सांगतो.

ऱ्हाइनकाठची :
पोळीचा मुद्दा कुणी घेतलाच नाही.

झेडपीचा_मास्तर :
शिक्षकांची नावं तक्त्यात नाहीत. सोमवारपासून घालतो. दोघंच आहोत, पाळी लवकर लवकर येईल. झालं समाधान?

नावात_काय :
फोटो टाका, मग बघू.

आठवीतल्याची_आई :
विषय कुठल्या कुठे नेलात. असो. एसयूव्ही आमचीही आहे, मान्य. स्कूलबस आमच्या सोसायटीपर्यंत येत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.
हे सगळं वाचून काल रात्री मुलाला विचारलं, तिथे संडास कोण धुवायचं? म्हणाला, “त्यांची मुलं धुवायची. आम्हाला फोटो काढायला सांगितलं होतं.” घ्या, उंडगासाहेब, तुम्हाला आनंद होईल.