कोठ्यात चार वर्षं उभी स्प्लेंडर: कार्बोरेटरमधून पेट्रोल टपकते, गाडी सुरू होत नाही

प्रश्न : वावरवाट, जि. यवतमाळ (इथली सगळी नावं लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

गाडी स्प्लेंडर प्लस, २००९, किकवाली. चार पावसाळे ढोरांच्या कोठ्यात, कुटाराच्या ढिगाजवळ उभी होती. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच होतं, त्यावर आता एक लिटर नवं टाकलं. प्लग नवा लावला. किक जड नाही, बरोबर खाली जाते. ४०-५० किका मारल्या, एकदाही फट् झालं नाही. कॉक उघडला की कार्बोरेटरच्या खालच्या नळीतून पेट्रोल टपकते आणि प्लग काढून पाहिला तर ओला निघतो. बॅटरी पूर्ण मेली आहे. गावात मिस्त्री नाही. घरी पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि हवा भरायचा पंप आहे. पेरणीच्या आधी गाडी चालू करायची आहे. इंजिन खोलावं लागेल का?

उत्तर : दहा-बाराचा पाना

भाऊ, आधी किक मारणं बंद करा आणि कॉक बंद करा. इंजिन खोलायची गरज दिसत नाही, पण आता असंच किक मारत राहिलात तर पडेल.

नळीतून पेट्रोल टपकते म्हणजे कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) नीट बसत नाही. जुन्या पेट्रोलचा चिकट थर तिच्या टोकाला धरला असेल. जास्तीचं सगळंच पेट्रोल नळीतून बाहेर पडत नाही, काही सिलिंडरमध्ये जाते. प्लग ओला निघतो तो त्यामुळेच. तिथून ते पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइल वरच्या खुणेच्याही वर असेल, तर ते ऑइल पातळ झालं. त्यावर इंजिन चालवलं तर कॅम आणि रिंगा घासतात. पट्टीवर दुधासारखा रंग दिसला तर पाणी शिरलं आहे. दोन्हीत इलाज एकच: ऑइल काढून टाका.

नवं ऑइल या इंजिनात साधारण ९०० मिली बसते. बाटली लिटरची असेल तर सगळी ओतू नका, पट्टी पाहून भरा. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं मोटरसायकलचंच घ्या. कारचं घेतलं तर क्लच घसरू शकतो, कारण या गाडीत क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो. हे पहिलं ऑइल धुण्यापुरतं समजा. २०० ते ३०० किलोमीटरनंतर ते काढून पुन्हा नवं भरा.

सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल इतक्या दिवसात सुकलं असते, आणि आता त्यावर पेट्रोलही फिरलं. प्लग काढा, कॉक बंद, चोक बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि ८-१० सावकाश किका मारून आतलं पेट्रोल बाहेर काढा. काढलेला प्लग त्या वेळी टोपीत लावून त्याचं लोखंडी अंग हेडला टेकवलेलं ठेवा, पण भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ निघते आणि शेजारी ठिणगी पडते. हे काम कोठ्यात, कुटाराजवळ बिलकुल नको. गाडी अंगणात घ्या.

मग सुईशिवायच्या सिरिंजने प्लगच्या भोकातून ५ मिली इंजिन ऑइल सोडा. स्प्लेंडरचं सिलिंडर जवळपास आडवं झोपलेलं असते, त्यामुळे ऑइल खालच्या बाजूलाच राहते. पुढचं चाक विटांवर वीतभर उचलून ठेवलं तर ते पिस्टनपर्यंत जाते. रात्रभर ठेवा. सकाळी मेन स्टँडवर चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. काही अडकत असेल तर हाताला लगेच कळते, किकने मोडल्यावरच कळते.

उत्तर : काळी माती

वरचं सगळं बरोबर. पेट्रोलबद्दल मात्र जोर देऊन सांगतो: जुन्यावर नवं टाकून काही होत नाही. आपल्या पेट्रोलात इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. चार पावसाळ्यांत पुरेसं पाणी ओढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर होतो. तो जड, म्हणून टाकीच्या तळाशी, बरोबर कॉकच्या तोंडाशी बसतो. वरून कितीही नवं टाका, कार्बोरेटरला पहिले तेच जाते. काचेच्या बाटलीत अर्धा ग्लास काढून अर्धा तास ठेवा. दोन थर दिसले की शंका उरत नाही.

म्हणून टाकी पूर्ण रिकामी करा. काढलेलं पेट्रोल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. टाकीत टॉर्च मारून पाहा. हलका तांबूस रंग असेल तर दोन वेळा ताज्या पेट्रोलने विसळलं तरी चालते. पापुद्रे निघत असतील तर कॉक काढून भोक घट्ट बंद करा, पांढरं व्हिनेगर भरून २४ तास ठेवा, अधूनमधून हलवा. नंतर पाण्यात खायचा सोडा घालून विसळा, नाहीतर राहिलेलं आम्ल पुन्हा गंज आणते. उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच पेट्रोल भरा. टाकी कोरडी ठेवली की दोन दिवसांत गंजाचा रंग परत दिसतो. कॉकची जाळी साफ करा. पेट्रोलचा पाइप वाकवल्यावर तडे दिसले तर तो क्लिपसकट बदला.

कार्बोरेटर काढून वाटी खोला. फ्लोटची पिन हलक्या हाताने ढकला, नाहीतर तिचा खांब मोडतो. सुईच्या टोकावर गोल चर पडली असेल तर नवीन घ्या, पुसून भागत नाही. दोन जेट (पेट्रोल जायच्या बारीक भोकाचे पितळी तुकडे) आहेत. मोठा मेन जेट सहसा उघडा असतो, छोटा पायलट जेट बुजतो. उजेडाकडे धरल्यावर त्यातून गोल ठिपका दिसला पाहिजे. लोखंडी तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होते आणि गाडी पेट्रोल खाऊ लागते. वायरीतला तांब्याचा एक बारीक केस घ्या, कार्बोरेटर क्लीनर मारा, आणि पंपाने हवा द्या. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधी आत किती आटे जातो ते मोजून लिहून ठेवा.

वावरवाट

ऑइलला पेट्रोलचा वास होता, बदललं. बाटलीत दोन थर दिसले. सुईला चर होती, नवी लावली, टपकणं थांबलं. गाडी चोक देऊन सुरू झाली! पण चोक काढला की दहा सेकंदांत बंद पडते. अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला तर चालते.

दहा-बाराचा पाना

चोकवर चालते आणि चोक काढला की मरते, म्हणजे इंजिनला पेट्रोल कमी किंवा हवा जास्त मिळते. दोनच जागा बघायच्या. एक, पायलट जेट आणि त्याच्यापुढचा बारीक मार्ग. जेट साफ झाला तरी मार्ग बुजलेला राहतो. हवेचा स्क्रू काढून त्या भोकातून क्लीनर मारा, तो पुढे कार्बोरेटरच्या घशात बारीक छिद्रातून निघाला पाहिजे. दोन, कार्बोरेटर आणि हेड यांच्यातला जोड. उन्हाने त्यातला रबर आणि ओ-रिंग कडक होतात. गाडी चालू असताना त्या जोडावर थोडं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरते. ओ-रिंग बदला, नट दोन्ही बाजूंनी सारखे आवळा.

एअर फिल्टरही उघडा. कोठ्यातल्या गाडीत तिथे उंदराचं घरटं, कापसाचे पुंजके हमखास निघतात. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीची माती भरली आहे का, तेही पाहा.

उत्तर : वर्धा नदीकाठ

गाडी सुरू झाली म्हणून लगेच डांबरीवर घेऊ नका राजेहो. क्लच प्लेटा चिकटल्या असतील तर क्लच दाबूनही गिअर टाकल्याबरोबर गाडी उडी मारते. इंजिन गरम करून बंद करा, गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबून गाडी पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज आला की प्लेटा सुटल्या.

ढोरांच्या मुतातल्या अमोनियाने आणि खताच्या पोत्यांच्या ओलाव्याने स्पोक गंजतात. एकेक स्पोक पान्याने वाजवून पाहा, ढिला बदद वाजतो. ब्रेकचा ड्रम उघडा, शूवर चकाकी आली असेल तर पॉलिश पेपर मारा, शू फाकवणाऱ्या ब्रेकच्या कॅमला किंचित ग्रीस द्या, शूला लागू देऊ नका. आतली धूळ फुंकून उडवू नका, ओल्या चिंधीने पुसा.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. बाजूच्या भिंतीला तडे असतील तर खाच कितीही असो, टायर बदला. एकट्यासाठी हवा पुढे २५, मागे २८ पीएसआय.

उंदरांनी वायरी कुरतडल्या का ते टाकी काढलीच आहे तर बघून घ्या. सोललेली वायर चेसिसला लागली की स्पार्क कधी येतो कधी जातो. मेलेली बॅटरी काढून तशीच फिरवू नका, व्होल्टेज वाढून बल्ब उडू शकतात.

आणि कागद. २००९ ची गाडी म्हणजे नोंदणीची १५ वर्षं २०२४ ला संपली. आरटीओत नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते, सोबत पर्यावरण कर लागतो. त्याआधी विमा आणि पीयूसी काढून ठेवा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागते. तपासणीला नेताना हॉर्न, ब्रेकचा दिवा आणि इंडिकेटर चालले पाहिजेत, म्हणून बॅटरीचा खर्च आधीच धरून चाला.