मदत हवी आहे: विंडोजच्या फाईली करप्ट, रिपेअर होत नाहीत (फॉरमॅट सांगू नका)

पत्रिकावाला: मंडळी जरा लवकर सांगा. घरचा पीसी आहे, अपडेट चालू असताना लाईट गेली आणि तेव्हापासून स्टार्ट मेनू उघडत नाही, सेटिंग्ज उघडून लगेच बंद होतं. यूट्यूबवर बघून ती एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या फाईली तपासून दुरुस्त करणारी कमांड मारली, शंभर टक्के होते आणि म्हणते करप्ट फाईली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. परत मारली तरी तेच. आता काय करू? फॉरमॅट जमणार नाही.

रॅमशास्त्री: विंडोज १० की ११? हार्डडिस्क की एसएसडी? फॉरमॅट का जमणार नाही तेही सांगा, त्यावर पुढचं ठरेल.

पेंग्विनपंत: विंडोज काढून लिनक्स मिंट टाका आणि सुटा. विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच सपोर्ट संपलाय, मेलेल्याला सलाईन कशाला लावताय.

पत्रिकावाला: लिनक्स नको हो, कृपा करा. विंडोज १० आहे.

सौ. माऊस: माझाही स्टार्ट मेनू असाच बंद पडला होता, नवीन यूजर अकाउंट काढलं त्यात चालू झाला. आणि टेम्प फोल्डर साफ करा, खूप फरक पडतो.

रॅमशास्त्री: ताई, एसएफसीच करप्ट म्हणतंय म्हटल्यावर नवीन अकाउंटने काय होणार. पत्रिकावाले, एसएफसी खराब फाईलच्या जागी चांगली प्रत ठेवते, आणि ती प्रत विंडोज फोल्डरातल्या विनएसएक्सएस नावाच्या साठ्यातून घेते. तो साठाच नासला असेल तर ती बिचारी आणणार कुठून? म्हणून विंडोज ८ पासून आधी तो साठा दुरुस्त करणारी डीआयएसएम कमांडची रिस्टोअरहेल्थ चालवायची आणि मग एसएफसी. नेट चालू ठेवा कारण ती फाईली विंडोज अपडेटवरून ओढते. मध्येच बासष्ट टक्क्यांच्या आसपास ढिम्म बसते, घाबरून खिडकी बंद करू नका.

पत्रिकावाला: केलं. सोर्स फाईली सापडल्या नाहीत म्हणते, एरर कोडच्या शेवटी ०८१एफ आहे.

जुनं खोड: अहो आधी डिस्क बघा की! हार्डडिस्क की एसएसडी विचारलं त्याचं उत्तर अजून नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत सांगणारा प्रोग्राम टाका आणि सी५ म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कचे वाचायला त्रास देणारे तुकडे) यासमोर काय येतं ते इथे लिहा.

रॅमशास्त्री: खोडसाहेब, अपडेट चालू असताना लाईट गेली हे कारण समोर असताना डिस्कवर कशाला जाताय? सरळ इन-प्लेस अपग्रेड करा, म्हणजे आहे त्या विंडोजवरच विंडोज परत बसवा. मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून १० चा आयएसओ (अख्ख्या सेटअपची फाईल) उतरवा, विंडोज चालू असतानाच त्यावर डबल क्लिक करून आतला सेटअप चालवा, पर्सनल फाईली आणि अ‍ॅप ठेवा हा पर्याय निवडा. सिस्टिम फाईली सगळ्या नव्याने बसतात, तुमचं सामान जागेवर राहतं. एक मात्र बघा, आपल्याकडे काही मशीनवर विंडोजची भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स असते, काहींवर इंटरनॅशनल. आयएसओ दुसऱ्या भाषेचा निघाला तर अ‍ॅप ठेवायचा पर्यायच मिळत नाही. डीआयएसएमला गेट-इंटल विचारा, ती तुमची भाषा बरोबर सांगते.

जुनं खोड: आणि डिस्क मरायला टेकली असेल तर एवढं सगळं लिहिताना तिथेच राम म्हणेल. मग?

पत्रिकावाला: हार्डडिस्क आहे, जुनीच. फॉरमॅट नको कारण मराठी फॉन्टचं श्रीलिपी आणि पानं लावायचं पेजमेकर आहे, डोंगल (सॉफ्टवेअर चालू करायची चावी) आहे पण सेटअपची सीडी कुठे गेली देव जाणे. तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची सगळी कामं यात आहेत.

बोरूबहाद्दर: अजून श्रीलिपी?? युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येणाऱ्या टायपिंगमध्ये करा हो आता. पार्टीला मजकूर मेल केला की तिकडे नुसती अक्षरांची खिचडी दिसते.

पत्रिकावाला: पेजमेकरला युनिकोड चालत नाही, आणि मंगल फॉन्टमध्ये पत्रिका छापली तर मुलीकडचे गठ्ठा परत पाठवतील.

बोरूबहाद्दर: मंगल कोण म्हणालं? मुक्ता आहे, बालू आहे, फुकट आहेत. पेजमेकरऐवजी इनडिझाईन घ्या.

पेंग्विनपंत: इनडिझाईनला महिन्याला पैसे भरायचे? स्क्रायबस बघा, फुकट आहे आणि लिनक्सवर पण चालतं.

जुनं खोड: धागा कशाचा आहे मंडळी? सी५ चं काय झालं?

पत्रिकावाला: वर पिवळ्या रंगात कॉशन दिसतंय. सी५ समोर रॉ व्हॅल्यूत बरीच शून्यं आणि शेवटी २८. अठ्ठावीस चालतं ना?

जुनं खोड: ते हेक्समध्ये (सोळाच्या हिशोबात) असतं, म्हणजे चाळीस. चाळीस सेक्टर वाचायला त्रास होतोय. आता कुठलीच रिपेअर कमांड मारू नका, डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्क कमांडचा आर पर्याय तर अजिबात नको, तो अख्खी डिस्क घासतो. आधी पत्रिकांच्या फाईली आणि फॉन्ट बाहेर काढा. मग एसएसडी आणून त्यावर डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करा आणि इन-प्लेस त्या एसएसडीवर करा.

रॅमशास्त्री: असं असेल तर आधी क्लोन, मान्य. पण इन-प्लेस लागणारच, क्लोनमध्ये करप्ट फाईली पण जशाच्या तशा येतील.

पत्रिकावाला: बत्तीस जीबीचा पेनड्राईव्ह आहे घरात, त्यात मावेल का सगळं? क्लोन करून देणारे दुकानवाले किती घेतात?

सौ. माऊस: टेम्प साफ केलं का?